उत्तर समुद्राच्या तळीचा गाळ आणि हिमयुगाची साक्ष

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी योजलेल्या या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि इतिहास यांच्या पंक्तीस आर्क्टिक समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळालाही आपण पाट मांडलात, याबद्दल चालकांचे प्रथम आभार मानतो. विषय दूरचा आहे, हे खरे. परंतु हुगळीच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपणां मंडळींस गाळ म्हणजे काय, हे सांगावयास नको. या शहराचे बंदर गाळाशी झगडतच वाढले. १९७५ साली फराक्का येथील बंधारा सुरू झाला, तो मुख्यतः गंगेचे पाणी हुगळीत वळवून हा गाळ वाहून जावा याच हेतूने. व्यवहारात गाळ ही एक अडचण असते. तथापि भूशास्त्राच्या दृष्टीने गाळ हा एक साक्षीदार होय. आणि ज्या घटनेला दुसरा कोणीही साक्षीदार उरलेला नाही, तिच्याविषयी त्याचीच जबानी घ्यावी लागते.

ती घटना अशी. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी शेवटचे हिमयुग ऐन भरात होते. त्या वेळी युरोप आणि आशिया यांच्या उत्तरेस असलेले उथळ समुद्र बर्फाच्या प्रचंड थराखाली दडपले गेले होते काय? गेले असल्यास कोठपर्यंत? आणि तो बर्फ पुढे नाहीसा झाला, तो कसा आणि किती वेगाने? या तीन प्रश्नांवर विद्वानांत शंभर वर्षे वाद चालला. त्याचा निकाल कसा लागला आणि त्या निकालाचा समुद्रकाठी राहणाऱ्या आजच्या माणसाशी काय संबंध पोहोचतो, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम त्या समुद्रांची ओळख करून घेऊ. नकाशात आर्क्टिक महासागर ध्रुवाभोवती पसरलेला एखाद्या बशीसारखा दिसतो. या बशीचा मधला भाग खोल आहे; तेथे तीन ते चार किलोमीटर पाणी आहे. परंतु तिचा काठ फार रुंद आणि फार उथळ आहे. खंडाचा जो भाग समुद्राच्या पाण्याखाली बुडालेला असतो, त्याला आपल्या शालेय भूगोलात समुद्रबूड जमीन किंवा भूखंडमंच म्हणतात. या महासागराच्या क्षेत्रफळापैकी सुमारे निम्मा भाग अशा समुद्रबूड जमिनीचा आहे. दुसऱ्या कोणत्याही महासागरात हे प्रमाण इतके मोठे नाही. पश्चिमेकडून निघाले, म्हणजे क्रमाने बॅरेंट्स, कारा, लाप्तेव्ह, पूर्व सैबेरियन आणि चुकची असे समुद्र लागतात. बॅरेंट्स समुद्राची सरासरी खोली सुमारे २३० मीटर आहे. पूर्वेस ती घटत जाते. पूर्व सैबेरियन समुद्रात सरासरी पन्नास मीटरांच्या आसपासच पाणी आहे. हा खोलीतील फरक कृपया ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे मोठे प्रयोजन आहे.

या समुद्रांना मिळणाऱ्या नद्या थोर आहेत. जगातील एकूण सागरजलापैकी जेमतेम एक टक्का पाणी आर्क्टिक महासागरात आहे. परंतु जगातील नद्यांच्या पाण्यापैकी सुमारे दहा टक्के त्याच्या वाट्याला येते. येनिसेई दरवर्षी सुमारे ६०० घन किलोमीटर पाणी आणते, लेना सव्वापाचशे आणि ओब चारशे. वर्षातील सात-आठ महिने या नद्यांवर बर्फाचे झाकण असते. मेअखेरीस आणि जूनमध्ये ते फुटते आणि वर्षाच्या पाण्याचा मोठा हिस्सा काही आठवड्यांत लोंढ्याने समुद्रात शिरतो. विशेष हे की, नदीचा उगमाकडील भाग दक्षिणेस असल्यामुळे तेथील बर्फ आधी वितळतो, आणि खाली मुखाशी समुद्र अद्याप गोठलेलाच असतो. मग नदीचे गढूळ पाणी समुद्रावरील बर्फावरून पसरते. वसंतात आकाशातून पाहिल्यास लेनेच्या मुखाशी शुभ्र बर्फावर तपकिरी पाण्याची पाखर घातलेली दिसते.

पाणी अमाप असले, तरी गाळ मात्र त्या मानाने थोडा. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून दरवर्षी सुमारे शंभर कोटी टन गाळ वाहून आणतात. लेनेचे पाणी या दोन नद्यांच्या निम्म्याच्या आसपास भरेल, परंतु तिचा गाळ सुमारे दोन कोटी टनच, म्हणजे पन्नासावा हिस्सा. कारण उघड आहे. हिमालयासारखा तरुण, ठिसूळ आणि अजून उंचावत असलेला पर्वत लेनेच्या पाठीशी नाही. तिच्या खोऱ्यातील बहुतेक जमीन सदा गोठलेली आहे, आणि गोठलेली माती सहजी वाहून जात नाही. उलट कॅनडातील मॅकेंझी नदीचे पाणी लेनेहून कमी असूनही ती दरसाल बारा कोटी टनांच्या घरात गाळ आणते, कारण तिच्या उपनद्या उंच पर्वतांतून उतरतात. येनिसेईवर क्रास्नोयार्स्क येथे आणि इतरत्र विसाव्या शतकात मोठी धरणे बांधली गेल्यापासून तिचा गाळ पूर्वीच्या निम्म्याहूनही खाली आला आहे.

हा गाळ समुद्रात शिरल्यावर त्याचे काय होते? रशियन सागरशास्त्रज्ञ अलेक्झांडर लिसित्सिन यांनी १९९०च्या दशकात याचे विवेचन केले. नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी जेथे मिसळते, त्या पट्ट्याला त्यांनी एका गाळणीची उपमा दिली. गोड्या पाण्यात मातीचे सूक्ष्म कण परस्परांना दूर सारीत तरंगत राहतात. क्षारांचा स्पर्श होताच ते एकमेकांस चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि तळाशी बसतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरविल्यावर गाळ खाली बसतो, तशातलाच हा प्रकार. लिसित्सिन यांच्या हिशेबाप्रमाणे नदीने आणलेल्या तरंगत्या गाळापैकी नव्वद ते पंचाण्णव टक्के या पट्ट्यातच उतरतो. म्हणून ओब आणि येनिसेई यांच्या लांबलचक खाड्यांत आणि त्यांच्या पुढच्या कारा समुद्रात गाळाचे जाड थर साचले आहेत. ते वर्षानुवर्षे, एकावर एक, शांतपणे साचलेले आहेत. जहाजावरून पोकळ नळी तळात रोवून त्यांचा उभा नमुना काढला, म्हणजे वहीची पाने उलटावीत तसे मागचे काळ क्रमाने हाती येतात. गाळात सापडणाऱ्या शिंपल्यांतील कार्बन-१४ चे प्रमाण मोजून त्या त्या थराचे वयही ठरविता येते.

सगळाच गाळ मात्र मुखाशी थांबत नाही. काही अंश बर्फावर स्वार होऊन ध्रुवाकडे जातो. ही गोष्ट ध्यानात आली तिचा इतिहास मोठा रोचक आहे. ‘जेनेट’ नावाचे अमेरिकन जहाज १८८१ च्या जूनमध्ये न्यू सैबेरियन बेटांच्या उत्तरेस बर्फात चिरडून बुडाले. तीन वर्षांनी त्यातील काही वस्तू थेट ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडल्या. त्या तेथे कशा पोहोचल्या? नॉर्वेचे फ्रिट्‌यॉफ नॅन्सेन यांनी अनुमान बांधले की, सैबेरियापासून ध्रुवाजवळून ग्रीनलंडकडे बर्फाचा अखंड प्रवाह चालू असला पाहिजे. ते अनुमान पडताळण्यासाठी त्यांनी ‘फ्राम’ हे मजबूत जहाज मुद्दाम बांधवून घेतले, १८९३ च्या सप्टेंबरात त्याच बेटांच्या उत्तरेस ते बर्फात अडकू दिले, आणि बर्फाबरोबर वाहत ते जहाज १८९६ च्या ऑगस्टमध्ये स्पिट्सबर्गेनच्या बाजूस सुखरूप बाहेर आले. या प्रवासात नॅन्सेन यांना ठिकठिकाणी मळकट, चिखलाने माखलेला बर्फ आढळला. सैबेरियाच्या उथळ समुद्रात शरद ऋतूतील वादळे तळ ढवळतात, तो गाळ गोठत्या पाण्यात अडकतो आणि बर्फाबरोबर दोन-तीन वर्षांचा प्रवास करून ग्रीनलंड व स्वालबार्ड यांच्यामधील समुद्रात वितळून खाली पडतो. लेनेच्या काठची माती अशी हजारो किलोमीटर दूर जाऊन विसावते.

ही माती कोणत्या नदीची, हे ओळखावयाचे कसे? यासंबंधीची एक गोष्ट आपणां महाराष्ट्रीयांना विशेष आपली वाटेल. येनिसेई आणि खातांगा यांच्या खोऱ्यांत पुतोराना नावाचे विस्तीर्ण पठार आहे. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून बाहेर पडलेल्या लाव्हाचे, थरांवर थर चढून बनलेले ते काळे कातळ. आपल्या सह्याद्रीची बांधणी अशीच आहे; फरक इतकाच की, दख्खनचा लाव्हा त्यापेक्षा पुष्कळ अलीकडचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. असा कातळ झिजला, म्हणजे त्यातून स्मेक्टाइट जातीची चिकणमाती तयार होते. ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगा पडणारी वऱ्हाड-खानदेशातील काळी जमीन आपण जाणतो. तिच्या या स्वभावाचे कारण हेच खनिज. कारा समुद्राच्या पूर्व भागातील गाळात स्मेक्टाइट विपुल आहे. लेनेच्या गाळात ते कमी असून दुसऱ्या खनिजांचे प्राबल्य आहे. म्हणजे प्रत्येक नदीच्या गाळावर तिच्या माहेरची खूण असते. ती खूण पाहून खोल समुद्रातील चिखल कोठून आला आणि त्या काळी बर्फाचे व पाण्याचे प्रवाह कोणत्या दिशेने वाहत होते, हे सांगता येते.

येथवर नदीचे काम पाहिले. आता बर्फाच्या कामाकडे वळू. दोहोंच्या रीतीत मूलभूत अंतर आहे. नदी कण निवडून, चाळून, थरांनी ठेवते. हिमस्तर आपल्या भाराने खालची जमीन खरवडतो आणि घरासारखे धोंडे, वाळू, चिखल असे सर्व काही एकत्र मळून पुढे ढकलतो. जेथे बर्फ फिरला, तेथे पूर्वीचे गाळाचे थर पुसले जातात आणि त्यांच्या जागी अशा मिसळीचा एक कठीण थर येतो. ध्वनिलहरींच्या साहाय्याने समुद्रतळाचे सूक्ष्म नकाशे काढण्याची साधने विसाव्या शतकाच्या अखेरीस हाती आली, तेव्हा बॅरेंट्स समुद्राच्या तळावर शेतातील नांगराच्या तासांसारख्या, परंतु कित्येक किलोमीटर लांबीच्या समांतर रेषा स्पष्ट दिसल्या. हिमस्तर ज्या दिशेने सरकला, ती दिशाच तेथे कोरलेली होती. तेथील बेअर बेटाजवळची समुद्रतळाची दरी सुमारे दीडशे किलोमीटर रुंद आहे. तिच्या तोंडाशी, समुद्रबूड जमीन संपून खोल समुद्र लागतो त्या उतारावर, बर्फाने ढकलून आणलेल्या राडारोड्याचा एक लाख चौरस किलोमीटरहूनही विस्तीर्ण असा पंखा पसरलेला आहे. हे काम नदीचे नव्हे.

दुसरा पुरावा जमिनीवरचा आहे. बर्फाचा भार पडला, म्हणजे भूकवच खाली दबते. भार उतरला, की ते हळूहळू वर येते. गादीवर बसून उठावे, तसे. स्वालबार्डच्या पूर्वेकडील काँग कार्ल्स लँड या लहानशा बेटसमूहावर जुने समुद्रकिनारे आजच्या समुद्रापासून सुमारे शंभर मीटर उंचीवर आढळतात. दहा हजार वर्षांपूर्वी जेथे लाटा आपटत होत्या, ती जागा आज टेकडीवर आहे. याचा अर्थ, एके काळी त्या बेटांवर आणि भोवतालच्या समुद्रावर बर्फाचे फार मोठे ओझे होते. या किनाऱ्यांचे वय कसे ठरले, तेही ऐकण्याजोगे आहे. त्यांच्यावर देवमाशांची हाडे आणि वाहून आलेली लाकडे पडलेली आहेत. स्वालबार्डात तर वृक्ष उगवत नाहीत. हे ओंडके उत्तरेकडे वाहणाऱ्या नद्यांनी अरण्यांतून आणले आणि बर्फाने तेथवर पोहोचविले. त्या लाकडातील कार्बन मोजून किनाऱ्याचे वय निघाले. अशा रीतीने बर्फाच्या भाराचा हिशेब नदीने आणलेल्या लाकडावरून मांडला गेला.

आता वादाकडे येऊ. रशियन हिमशास्त्रज्ञ मिखाईल ग्रोसवाल्ड यांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह १९७७ साली असा सिद्धांत मांडला की, शेवटच्या हिमयुगात केवळ बॅरेंट्स समुद्रच नव्हे, तर सैबेरियाच्या उत्तरेचे समस्तच उथळ समुद्र एका सलग हिमस्तराखाली होते. कल्पना भव्य होती, आणि तिच्यामागे विद्वत्ताही मोठी होती. परंतु अनेक भूशास्त्रज्ञांना ती मान्य नव्हती. तैमिर द्वीपकल्पात हिमयुगाच्या ऐन काळातील मॅमथ हत्तींचे अवशेष सापडतात. गवत खाणारा एवढा प्राणी दोन किलोमीटर जाडीच्या बर्फावर कसा राहील, असा त्यांचा सवाल होता. १९९० च्या दशकात रशियाची उत्तर सीमा परदेशी संशोधकांना खुली झाली. युरोपीय विज्ञान प्रतिष्ठानच्या आश्रयाखाली नॉर्वे, रशिया, जर्मनी, स्वीडन आदी देशांच्या मंडळींनी किनारे, सरोवरे आणि समुद्रतळ पिंजून काढले. बर्गेनचे स्वेन्सेन आणि मांगेरुड हे त्यांतील अग्रणी होत. २००४ साली त्यांचा एकत्रित निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तो असा : वीस हजार वर्षांपूर्वी बॅरेंट्स समुद्र खरोखरच पूर्णपणे हिमस्तराखाली होता, परंतु त्या हिमस्तराची पूर्व सीमा कारा समुद्रातच होती. लाप्तेव्ह समुद्राच्या तळावर त्या काळचा हिमस्तर नव्हता.

तथापि ग्रोसवाल्ड यांचे सर्वच चुकले, असेही झाले नाही. त्याच संशोधनातून दिसले की, त्याआधी, सुमारे नव्वद ते ऐंशी हजार वर्षांपूर्वी, पूर्वेकडील बर्फ कितीतरी अधिक पसरला होता, आणि त्याने उत्तरेकडे वाहणाऱ्या नद्यांची मुखे बुजविली होती. नद्यांना वाट उरली नाही, पाणी तुंबले, रशियाच्या उत्तर मैदानात आणि पश्चिम सैबेरियात बर्फाच्या बांधाआड विशाल सरोवरे निर्माण झाली. पश्चिम सैबेरियातील जादा पाणी दक्षिणेकडे उलटून अरल आणि कॅस्पियन यांच्या दिशेने वाहिले असावे, असे मानले जाते. पुढे २०१३ साली जर्मन संशोधन-जहाज ‘पोलरस्टर्न’वरील शास्त्रज्ञांनी पूर्व सैबेरियन समुद्राच्या कडेला, हजार मीटरांहूनही खोल तळावर, बर्फाने ओढलेल्या रेषा आढळल्याचे जाहीर केले. म्हणजे आणखी जुन्या हिमयुगांत तेथेही प्रचंड हिमस्तर अवतरले होते. कल्पना एका काळासाठी अमान्य ठरली आणि दुसऱ्या काळासाठी अंशतः मान्य झाली. दोन्ही निवाडे समुद्रतळानेच दिले.

मग वीस हजार वर्षांपूर्वी लाप्तेव्ह समुद्रात बर्फ नव्हता, तर काय होते? त्या काळी जगातील पुष्कळ पाणी हिमस्तरांत अडकल्यामुळे समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. लाप्तेव्ह आणि पूर्व सैबेरियन समुद्र इतके उथळ, की ते जवळजवळ संपूर्ण कोरडे पडले होते. आजचा किनारा तेव्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत होता. तेथे थंड, कोरडे, गवताळ मैदान होते, आणि लेना, याना या नद्या त्यातून वाहत दूरवरच्या समुद्राला मिळत होत्या. त्यांची पात्रे आजही समुद्रतळावर ओळखू येतात. हिमयुग सरले, तसा समुद्र चढू लागला. सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी तो आजच्या पन्नास मीटर खोलीच्या रेषेवर आला आणि पाच हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीस टेकला. पाणी जसजसे आत शिरले, तसतशी नद्यांची मुखे मागे हटली, आणि गाळ साचण्याची जागाही त्यांच्याबरोबर दक्षिणेकडे सरकत गेली. गाळाच्या नमुन्यांत ही माघार पायरीपायरीने नोंदलेली आहे.

या मैदानावर माणसेही होती. याना नदीच्या काठी, ७० अक्षांशाच्याही उत्तरेस, सुमारे ३२,००० वर्षांपूर्वी शिकारी लोक राहत होते. गेंड्याच्या शिंगापासून आणि मॅमथच्या सुळ्यांपासून केलेली त्यांची शस्त्रे तेथे मिळाली. ७६ अक्षांशावरील झोखोव्ह बेटावर सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. ते लोक रेनडिअर आणि ध्रुवीय अस्वले मारीत आणि कुत्र्यांकडून घसरगाड्या ओढून घेत.

येथे मराठी श्रोत्यांच्या मनात एक नाव उभे राहिल्यावाचून राहणार नाही. लोकमान्य टिळकांचा ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. वेदांतील दीर्घ उषांची वर्णने ध्रुवप्रदेशातील अनुभवाची आहेत आणि हिमाच्या आगमनाने आर्यांची ती मूळ भूमी नष्ट झाली, असा त्यांचा पक्ष होता. भाषाशास्त्र, पुरातत्त्व आणि आनुवंशिकी यांचे आजचे संशोधन त्या पक्षाला पाठिंबा देत नाही, आणि याना किंवा झोखोव्ह येथील माणसांचा वैदिक संस्कृतीशी काही संबंध असल्याचा पुरावा नाही, हे स्पष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. परंतु टिळकांच्या पद्धतीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी हिमयुग संपून ऐंशी हजार वर्षे झाली असे मानणारा एक पक्ष होता, आणि सुमारे दहा हजार वर्षेच झाली असे सांगणारे अमेरिकन भूशास्त्रज्ञ दुसऱ्या पक्षास होते. टिळकांनी दोहोंचे पुरावे तपासून दुसरा पक्ष स्वीकारला. आज हिमयुगाची समाप्ती सुमारे ११,७०० वर्षांपूर्वीची धरतात. तेव्हा निवड योग्य होती. मात्र ज्या उबदार आर्क्टिक काळावर त्यांनी भिस्त ठेवली, तो सव्वा लाख वर्षे मागे जातो, आणि सैबेरियाच्या उत्तरेस दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी बर्फ येत नव्हता. तेथील भूमी समुद्र गिळीत होता. ही माहिती समुद्राच्या तळाशी होती, आणि १९०३ साली तेथवर पोहोचण्याचे साधन कोणापाशीच नव्हते.

आता शेवटचा प्रश्न. बॅरेंट्स समुद्रावरील बर्फ गेला कसा? मघाशी खोलीचा फरक ध्यानात ठेवावयास सांगितले, तो याचसाठी. पूर्वेकडील समुद्र उथळ म्हणून कोरडे पडले. बॅरेंट्स मात्र खोल. समुद्राची पातळी उतरूनही त्याचा बराच तळ पाण्याच्या पातळीखालीच राहिला. म्हणजे तेथील हिमस्तर जमिनीवर नव्हे, समुद्रतळावर बसलेला होता. अशा हिमस्तराचे एक मर्म असते. डोंगरावरील बर्फ ऊन लागून वरून वितळतो. समुद्रतळावरील बर्फाच्या कडेखाली पाणी शिरते, ते कड उचलते, आणि उचललेला भाग हिमनग होऊन तुटून जातो. तळ आतल्या बाजूस अधिक खोल असेल, तर प्रत्येक माघार पुढच्या माघारीला वाट करून देते. बॅरेंट्सचा बर्फ असाच कोसळला. वीस हजार वर्षांपूर्वी अखंड असलेला तो हिमस्तर पंधरा हजार वर्षांपूर्वी बव्हंशी मोडला होता, आणि सुटलेल्या हिमनगांनी तळावर वेड्यावाकड्या चऱ्या ओढल्या होत्या. शेजारच्या, नॉर्वेच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावरील खुणा मोजून २०२३ साली शास्त्रज्ञांनी दाखविले की, तेथील हिमस्तराची कड काही काळ दिवसाला सहाशे मीटरांपर्यंत मागे हटत होती.

हा आकडा केवळ इतिहासाचा नाही. आज पृथ्वीवर समुद्रतळावर बसलेला असा एक मोठा हिमस्तर शिल्लक आहे, तो पश्चिम अंटार्क्टिकाचा. तो सर्वच्या सर्व गेला, तर जगातील समुद्र तीन मीटरांहून अधिक चढतील. तो एकाएकी जाईल, असे कोणी म्हणत नाही. त्याला शतके लागतील. परंतु असा हिमस्तर कसा मोडतो, याचे पूर्ण झालेले उदाहरण पाहावयाचे, तर ते बॅरेंट्स समुद्राच्या तळाशीच आहे. मुंबई, कोलकाता आणि सुंदरबन यांच्या भवितव्याचा विचार करणाऱ्यांना त्या चऱ्या वाचाव्या लागतील.

लाप्तेव्ह समुद्राकडील गोष्टही संपलेली नाही. बुडालेल्या त्या मैदानाची गोठलेली जमीन आजही समुद्रतळाखाली आहे आणि हळूहळू वितळते आहे. तिच्यातील मिथेन वायू किती वेगाने बाहेर पडेल, यावर संशोधकांत मतभेद आहेत. किनाऱ्यावरचे बर्फमिश्रित मातीचे कडे लाटांनी ढासळत आहेत. लाप्तेव्ह समुद्रात नद्यांपेक्षा या ढासळत्या किनाऱ्यांतून पडणारी माती दुपटीहून अधिक आहे, असा अंदाज केलेला आहे. सेम्योनोव्स्की नावाचे एक बेट तर विसाव्या शतकात पाहता पाहता नाहीसे झाले. जुन्या मैदानाचे उरलेसुरले तुकडेच आज समुद्रतळाचा नवा गाळ होत आहेत.

या अभ्यासात भारत केवळ प्रेक्षक नाही. स्वालबार्डविषयीच्या १९२० च्या करारावर भारताची स्वाक्षरी आहे. २००७ साली पहिली भारतीय आर्क्टिक मोहीम गेली, २००८ साली नी-ओलेसुंद येथे ‘हिमाद्री’ हे संशोधन-केंद्र सुरू झाले, आणि २०१४ साली तेथील कोंग्सफ्योर्ड या, हिमनदीने कोरलेल्या खाडीत भारतीय शास्त्रज्ञांनी पाण्याखाली निरीक्षण-यंत्रणा बसविली. या कार्याची सूत्रे गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून हलतात. मांडवी-जुवारीच्या मुखाशी बसून आर्क्टिकच्या गाळाचा अभ्यास करणारी तरुण मंडळी आज आहेत. आपल्या घरांतील मुलामुलींपैकी कोणाला त्या वाटेने जावेसे वाटले, तर त्यांना अडवू नये, इतकी विनंती आम्ही या निमित्ताने करतो.

श्रोतेहो, या विषयात कोणाच्याही शब्दाला त्याच्या थोरवीमुळे मान्यता मिळाली नाही. नॅन्सेन यांनी आपले अनुमान जहाज बर्फात घालून तपासले. ग्रोसवाल्ड यांचा भव्य सिद्धांत चिखलाच्या नळ्यांनी कापला, आणि त्यांतील खरा अंश चिखलानेच राखला. कल्पना मोठी असावी, परंतु तिने शेवटी गाळात उतरून आपला पुरावा आणावा, हीच या शास्त्राची रीत आहे.  मंडळाचा शतकमहोत्सव पाहण्याचे भाग्य येथील बालगोपाळांना लाभो, ही सदिच्छा.